धामणगाव ते गोपुरी : एका पेढीच्या मागावर

विदर्भात धामणगावं बरीच. बुलढाण्यात धामणगाव बढे आहे, अमरावतीच्याच वरच्या अंगाला धामणगाव गढी आहे, यवतमाळकडे मुंगसाजी महाराजांचं धामणगाव देव आहे. मी उतरलो ते धामणगाव रेल्वे. मुंबई-हावडा मार्गावर बडनेरा सोडलं की टिमटाळा, मालखेड, चांदूर रेल्वे, दिपोरी आणि मग हे. खरं तर मला जायचं होतं वर्ध्याला, जमनालाल बजाज या माणसाचा माग काढत. पण वर्ध्यापासून निघालं की ही गोष्ट थेट आश्रमात शिरते, आणि जमनालालजी सूत कातणारे दानशूर शेठ एवढेच उरतात. त्यांची गोष्ट कापसापासून सुरू व्हायला हवी. गांधी भेटले तेव्हा ते पंचविशीच्या आसपासचे होते; तोवरचं आयुष्य रुई, सरकी, गाठी आणि वही-खातं यांत गेलं होतं. ते जग आज वर्ध्यापेक्षा धामणगावात जास्त शिल्लक आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली. त्याच्या आधी चार वर्षं अमेरिकेत यादवी चालली होती, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला होता आणि साऱ्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर होती. रूळ आले तेव्हा यादवी संपली होती, भाव कोसळले होते. तरी कापसाला एकदा वाट मिळाली ती मिळालीच. दत्तापूर या जुन्या गावाच्या शेजारी स्टेशन पडलं आणि स्टेशनच्या अंगानं नवी वस्ती वाढली. आजही इथले लोक दत्तापूर-धामणगाव असं जोडून बोलतात. या स्टेशनला खरं महत्त्व आलं ते यवतमाळमुळे. यवतमाळला रेल्वे नव्हती. तिथला कापूस २९ मैलांच्या पक्क्या सडकेनं बैलगाड्यांतून धामणगावच्या मालधक्क्यावर यायचा. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ अशी नॅरोगेजची शकुंतला धावू लागली आणि मक्तेदारी सुटली, पण तोवर धामणगावात जिनं उभी राहिली होती, अडती जमल्या होत्या, धर्मशाळा झाल्या होत्या.

मी गेलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. पहिली-दुसरी वेचणी आटोपलेली, बाजारात माल यायला लागलेला. ज्या अडत्याच्या गादीवर मी बसलो होतो त्यांनी चहा मागवला आणि माझ्या पहिल्याच प्रश्नावर हसले.

“कापूस आता कोन लावते, भाऊ? वेचाले मजूर भेटत नाई. पाच-पाच वेचण्या कराव्या लागते. सोयाबीन कसं, एकदा कापलं, मळणीत टाकलं, मोकळे झाले.”

“मग ही जिनं?”

“चालते ना. पण पह्यलेसारखी नाई.”

बाजाराच्या आवारात हे दिसतंच. सोयाबीनच्या राशी आणि तुरीची वाट पाहणारी मोकळी जागा. कापसाच्या गाड्या बहुतेक थेट जिनावर जातात. तरीही मला या आवाराचं अप्रूप वाटलं, कारण आज देशभर ज्याला कृषी उत्पन्न बाजार समिती म्हणतात तिचं मूळ वऱ्हाडात आहे. १८८६ साली कारंज्याला, म्हणजे इथून फार लांब नाही, देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार बसला. १८९७ साली वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी वेगळा कायदाच झाला. इंग्रजांना शेतकऱ्याचा कळवळा आला होता असं नाही. गिरणीवाल्यांना एका प्रतीचा, खात्रीचा कापूस हवा होता. पण त्या निमित्तानं उघडा हर्रास, ठरलेलं माप आणि ठरलेली अडत आली. त्यापूर्वी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरायचा. ज्याचा माल, त्यालाच भाव शेवटी कळायचा.

जिनात नेलं त्यांनी. एका बाजूला पांढरा डोंगर. मजूर त्यातून कापूस ओढून रोलरच्या जिनांवर टाकतात, रुई एका अंगाला निघते, सरकी खाली गळते. हवेत सगळीकडे बारीक तंतू तरंगत असतात आणि सरकीचा तेलकट वास नाकात बसतो. क्विंटलभर कापसातून रुई निघते ती तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास. बाकीची सरकी तेलाला जाते आणि तेल काढून उरलेली ढेप जनावरांना. रुई दाबून गाठ बांधतात, हल्ली १७० किलोची. भाव मात्र अजून खंडीनं बोलतात, म्हणजे ३५६ किलो. या धंद्यातला जुना रोग म्हणजे दाबण्याआधी रुईवर पाणी मारून वजन वाढवणं, लांब धाग्यात आखूड धागा मिसळणं. हे इतकं माजलं होतं की १९२५ साली जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांसाठी कायदा करावा लागला आणि कोणत्या प्रेसची गाठ आहे हे गाठीवर उमटवणं भाग पडलं. कापसाचा व्यापार अखेर नावावर चालतो हे इथे डोळ्यांनी दिसतं. मुंबईचा किंवा परदेशचा खरेदीदार गाठ फोडून पाहत नाही, तो छाप पाहतो.

हे नाव कमावणारी माणसं बहुतेक बाहेरची होती. एकोणिसाव्या शतकात शेखावाटीतून, सीकर-झुंझुनूंच्या कोरड्या गावांतून मारवाडी कुटुंबं निघाली आणि कापसाच्या रुळांच्या कडेनं वसत गेली. आधी सावकारी, मग अडत, मग जिन. कुणब्याला बियाण्याला, बैलाला, लग्नाला पैसे द्यायचे, पीक आलं की तेच पीक घ्यायचं. जमिनी गहाण पडल्या, काही परत सुटल्याच नाहीत. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात सावकार हा शब्द अजून कडू आहे. दुसऱ्या बाजूनं, गावातली पहिली शाळा, धर्मशाळा, पाणपोई याच घरांच्या नावांची असते. धामणगावात से. फ. ला. हायस्कूल आहे. शेठ फत्तेलाल लाभचंद हे पूर्ण नाव फलकावर वाचायला लागतं. गावाच्या तोंडी सेफलाच. आजूबाजूच्या खेड्यांतली कैक पोरं इथे शिकून बाहेर पडली. शेठ म्हणजे एकाच वेळी जमीन लिहून घेणारा आणि शाळा बांधून देणारा. हे दोन्ही लक्षात ठेवूनच पुढची गाडी धरावी.

तळणी गेलं की रूळ उताराला लागतात. दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या वर पऱ्हाटी, मधे तुरीच्या ओळी, आणि सोयाबीन निघालेली उघडी वावरं. काही शेतांत बाया ओटीत कापूस वेचत होत्या. पहिल्या वेचणीला इकडे सीतादही करायची रीत आहे: वावरात दगड मांडून पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मगच बोंडाला हात लावायचा. डब्यातल्या एका मावशींना विचारलं, अजून करता का? “करतो ना बावा. केल्याबिगर कापूस घरात कसा आनाचा?”

मग एकदम पूल येतो आणि खाली वर्धा नदी. बैतुलच्या मुलताईजवळ उगम पावून आलेली ही नदी केवढी मोठी सीमा होती हे आज गाडीतून कळत नाही. अलीकडे वऱ्हाड, निजामाचा मुलूख. १८५३ मध्ये इंग्रजांनी तो आपल्या ताब्यात घेतला, पण नावाला सार्वभौमत्व निजामाचंच राहिलं. पलीकडे नागपूरकर भोसल्यांचा प्रदेश, नंतरचा मध्य प्रांत. नदीबरोबर जमिनीचा कायदा बदलायचा. वऱ्हाडात मुंबईसारखी रयतवारी: शेतकरी स्वतः खातेदार, सारा थेट सरकारात. नदी ओलांडली की मालगुजारी: आख्ख्या गावाचा सारा मालगुजार भरणार आणि गाव त्याचं. पुढे शेगाव या खेड्याचं काय झालं हे समजायला हा फरक ध्यानात हवा.

पुलगावला गाडी थांबते. इथली जुनी कापडगिरणी बंद पडून गेली, आर्वीला जाणारी ३५ किलोमीटरची नॅरोगेज बंद पडली, आणि आता पुलगाव ओळखलं जातं ते लष्कराच्या दारूगोळा भांडारासाठी. गिरणीचं गाव आणि तोफगोळ्यांचं गाव यांत काय घडलं याचा एक वेगळा लेख होईल. मी थांबलो नाही.

वर्धा हे शहर तसं अलीकडचं. जिल्हा १८६२ मध्ये झाला, शहर १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी आखून वसवलं. म्हणजे बच्छराज शेठ इथे पेढी चालवत होते तेव्हा हे गाव त्यांच्याइतकंच नवं होतं. बच्छराज हे बजाज अगरवाल, मूळचे सीकरकडचे. कापूस, सावकारी, सरकारदरबारी वजन, सगळं होतं. पण मुलगा रामधनदास तरुणपणीच गेला आणि गादीला वारस उरला नाही. १८९४ साली बच्छराजांच्या पत्नी सदीबाई सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात कनीराम यांच्या घरी गेल्या. अंगणात पाच वर्षांचं पोर खेळत होतं. कुटुंबात सांगतात ती हकीकत अशी: सदीबाईंनी पोराचं कौतुक केलं, आई बिरदीबाई रीतीप्रमाणे म्हणाल्या की तुमचंच आहे, आणि सदीबाईंनी तो शब्द धरून ठेवला. शब्द परत घ्यायचा नाही ही मारवाडी घराची आन, म्हणून मूल, म्हणजे जमनालाल, बच्छराजांचा नातू म्हणून दत्तक होऊन वर्ध्याला आलं. मोबदला म्हणून कनीरामांनी पैसा घेतला नाही, गावासाठी विहीर मागितली. पाण्याचं दुर्भिक्ष ज्यानं पाहिलंय त्यालाच या सौद्याची किंमत कळेल.

पोराचं शिक्षण चौथीपर्यंत. बाकी शिक्षण पेढीवर, मुनिमांच्या शेजारी बसून. १९०२ मध्ये, तेराव्या वर्षी, जानकीदेवींशी लग्न. दिवसाला एक रुपया खर्चायला मिळायचा तो साठवून या मुलानं लोकमान्यांच्या हिंदी केसरीला १०० रुपये पाठवले. हा मुलगा पुढे लाखांनी देणार होता, पण हे शंभर त्याला आयुष्यभर जास्त मोलाचे वाटले.

आणि मग ती चिठ्ठी. एका समारंभाला जाताना आजोबांनी दागिने घालायला सांगितलं, सतरा वर्षांच्या जमनालालनं नकार दिला, आजोबा भडकले आणि माझ्या पैशावर जगतोस अशा अर्थाचं बोलून गेले. मुलानं घर सोडलं आणि लिहून ठेवलं की आपल्या संपत्तीवर माझा काडीचाही हक्क नाही, मी अंगावरच्या कपड्यांनिशी जातो आहे, मनात राग नाही. आजोबांनी माणसं धाडून त्याला परत आणलं. थोड्याच काळात, १९०७ मध्ये, बच्छराज वारले आणि सगळी पेढी या मुलाच्या हाती आली. त्यानं ती नाकारली नाही. घेतली, वाढवली, पण हक्क सोडल्याचा कागद आपण लिहून दिलाय हे तो कधी विसरला नाही. आजोबांच्या पैशाकडे दुसऱ्याची ठेव म्हणून बघायचं, आणि ठेवीचा हिशेब चोख ठेवायचा. विश्वस्त या कल्पनेवर गांधींनी पुढे पुष्कळ लिहिलं. जमनालालजींना ती पुस्तकातून शिकावी लागली नाही; ती घरच्या भांडणातून आली होती.

गावात फिरताना पहिल्यांदा लक्ष्मीनारायण मंदिर पाहिलं. बच्छराजांनी बांधलेलं, खास मारवाडी थाटाचं. याचं नाव इतिहासात आलं ते जुलै १९२८ मुळे. त्या महिन्यात जमनालालजींनी विश्वस्तांना राजी करून हे मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं आणि विनोबांबरोबर लोक आत गेले. ही तारीख वऱ्हाडाच्या बाजूनं पाहिली की अधिक बोलकी होते. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला अंबादेवीच्या मंदिर प्रवेशासाठी परिषद भरली होती, अध्यक्ष बाबासाहेब आंबेडकर. तिथे पंचांनी दार उघडलं नाही. शंभरेक किलोमीटरवर, आठ महिन्यांनी, वर्ध्यात ते उघडलं. फरक एवढाच की अमरावतीत हक्क मागणारे बाहेर उभे होते आणि वर्ध्यात किल्ली ज्याच्या हातात होती तोच उघडायला निघाला होता. आंबेडकरांचा आक्षेप नेमका इथेच होता: किल्ली कायम त्यांच्याच हातात का? मंदिराच्या पायरीवर उभं राहून मला दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटल्या. सनातनी मारवाड्यांनी मात्र जमनालालजींवर रोष धरला, आणि तो साधा नव्हता. ज्या समाजात व्यापार जातीच्या विश्वासावर चालतो तिथे जातीचा रोष थेट हुंडी-चिठ्ठीला लागतो.

त्या आधी बरंच घडून गेलं होतं. पहिल्या महायुद्धात धंदा फोफावला. सरकारनं रायबहादूर केलं, ऑनररी मॅजिस्ट्रेट केलं. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, स्वागताध्यक्ष जमनालालजी. तिथे त्यांनी गांधींकडे मागितलं ते विलक्षणच: मला तुमचा पाचवा मुलगा करा. एकदा दत्तक गेलेला माणूस एकतिसाव्या वर्षी स्वतःहून पुन्हा दत्तक जाऊ पाहतो, याचा अर्थ मानसशास्त्राच्या लोकांनी लावावा. रायबहादुरी परत केली, वकिली सोडणाऱ्यांच्या कुटुंबांसाठी टिळक स्वराज्य फंडात एक लाख दिले, आणि काँग्रेसचे खजिनदार झाले ते मरेपर्यंत.

हे खजिनदारपद मला त्यांच्या साऱ्या आयुष्याची गुरुकिल्ली वाटतं. आपण पुढाऱ्यांची भाषणं लक्षात ठेवतो. पण लाखो रुपयांची वर्गणी गोळा होते तेव्हा पावती कोण फाडतो, शिल्लक कुठे राहते, खादीची उधारी कोण वसूल करतो? १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ निघाला, त्याचेही कोषाध्यक्ष जमनालालजी. गावोगाव कातणाऱ्यांना मजुरी पोचवायची, सूत गोळा करायचं, विणून विकायचं, म्हणजे अडतीचाच धंदा, फक्त नफ्याशिवाय. पेढीवरची शिस्त त्यांनी आंदोलनात आणली. रोज डायरी लिहायची, वेळेचाही हिशेब ठेवायचा, पत्राला उत्तर धाडायचंच. तुरुंगातही हे सुटलं नाही. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात ते आत गेले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होते. साने गुरुजी तिथेच होते आणि विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, ती गीता प्रवचने. श्रोत्यांत हा कोट्यधीश बसलेला असे.

आणि धंदा? तो चालूच होता. १९२६ मध्ये कारभार नव्यानं उभारला गेला, १९३१ मध्ये उत्तर प्रदेशात गोला गोकर्णनाथला साखर कारखाना निघाला, त्याच दशकात मुकंद या लोखंडाच्या कंपनीत भागीदारी आली. कापसात वाढलेल्या माणसानं पहिला मोठा कारखाना काढला तो साखरेचा. चरखा संघाचा खजिनदार कापडगिरणीचा मालक कसा होणार, ही अडचण तेव्हा कुणाच्याही ध्यानात आली असती.

वर्ध्यात आज जे जे पाहायला लोक येतात ते बहुतेक या माणसानं दिलेल्या जमिनीवर आहे. एप्रिल १९२१ मध्ये विनोबा इथे आश्रम काढायला आले ते त्यांच्या आग्रहानं. १९३४ मध्ये, स्वराज्याशिवाय साबरमतीला परतणार नाही असं म्हणून बाहेर पडलेल्या गांधींना त्यांनी वर्ध्याला आणलं. आपली बाग आणि बंगला ग्रामोद्योग संघाला दिला, ती मगनवाडी. जे. सी. कुमारप्पांनी तिथे घाणी, हातकागद, मधमाश्या यांचे प्रयोग केले. ३० डिसेंबर १९३८ ला गांधींनी उघडलेलं मगन संग्रहालय अजून चालू आहे आणि त्यातले चरख्यांचे प्रकार बघताना यंत्राला विरोध करणारी म्हणून हिणवलेली ही माणसं यंत्रांवर किती विचार करत होती हे कळतं. काँग्रेस कार्यकारिणी भरली की पुढारी बजाजवाडीत उतरत. १९३७ च्या ऑक्टोबरात नई तालीमची परिषद झाली ती जमनालालजींनी उभ्या केलेल्या शाळेत. आणि १४ जुलै १९४२ ला ‘भारत छोडो’चा ठराव वर्ध्यातच आकाराला आला.

वर्ध्याहून सेवाग्राम आठ किलोमीटर. आता चांगला रस्ता आहे. ३० एप्रिल १९३६ ला गांधी इथे आले तेव्हा रस्ता नव्हता, मलेरिया होता, आणि गावाचं नाव होतं शेगाव. गजानन महाराजांच्या शेगावला टपाल जायला लागलं म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. गावातली बहुतांश जमीन मालगुजार म्हणून जमनालालजींची. पुलावरून येताना सांगितलेला मालगुजारीचा कायदा इथे पुढ्यात उभा राहतो. गांधींची अट होती की झोपडीला शंभर रुपयांपेक्षा जास्त खर्च नको, सामान आसपासचंच हवं. आदि निवास तसाच आहे: मातीच्या भिंती, बांबू, शिंदी, कौलं. आत शिरल्यावर मला अचंबा वाटला तो गारव्याचा. बाहेर ऊन रणरणत असताना आत पंख्याची आठवण होत नाही.

सेवाग्रामला मार्गदर्शन करणाऱ्या एका काकांना मी विचारलं, गांधींनी गरिबीनं राहायचं ठरवलं, पण ते राहिले एका शेठच्या गावात, हे खटकत नाही का? ते शांतपणे म्हणाले, “दादा, तेव्हा कुठलंही गाव कुणा ना कुणाचं होतंच. यांचं निदान देणाऱ्याचं होतं.” उत्तर चांगलं आहे, पुरेसं नाही. देणारा चांगला निघाला म्हणून गाव एका माणसाचं असणं बरोबर ठरत नाही. १९५१ मध्ये मालगुजारी कायद्यानंच गेली. आवारातल्या आखरी निवासापाशी मात्र मी बराच रेंगाळलो. ही खोली जमनालालजींनी मुळात स्वतःसाठी बांधून घेतली होती. तिथे राहण्याचा योग त्यांना फारसा आला नाही. पुढे गांधी त्यात राहिले आणि ऑगस्ट १९४६ मध्ये तिथूनच बाहेर पडले ते सेवाग्रामला परतलेच नाहीत.

परत येताना गोपुरी. वर्ध्याच्या कडेला, मोठ्या झाडांत. शेवटच्या वर्षात जमनालालजींनी राजकारणातून अंग काढून गोसेवा संघ काढला आणि इथे झोपडीत राहायला आले. तोवर १९३९ मध्ये जयपूर संस्थानाशी भांडून तिथला तुरुंगवासही झाला होता. गाईचं काम त्यांनी भावनेवर सोडलं नाही: कुठली गाय किती दूध देते, वैरणीचा खर्च किती, म्हशीपुढे गाय का मागे पडते, याचा हिशेब. या भागातली गवळाऊ ही पांढरी, चपळ जात बैलांसाठी नावाजलेली. दुधाला ती कशी आणायची हा प्रश्न होता, आणि आजही पुरता सुटलेला नाही. गोसेवेच्या त्या कामाच्या वातावरणातून वर्ध्याला मिळालेली गोड गोष्ट म्हणजे गोरस भांडारचा गोरसपाक. गाईच्या तुपातला, खुसखुशीत, बिस्कीट म्हणावं की मिठाई हे ठरत नाही. वर्ध्याहून जाणारा माणूस हा पुडा घेतल्याशिवाय गाडीत चढत नाही.

११ फेब्रुवारी १९४२ ला मेंदूतल्या रक्तस्रावानं जमनालालजी गेले. वय ५२. त्याच महिन्यात चीनचे चँग कै-शेक भारतात आले होते. त्यांना वर्ध्याला येऊन गांधींना भेटायचं होतं, इंग्रजांना ते नको होतं. शेवटी १८ फेब्रुवारीला, पाचवा मुलगा जाऊन आठवडा झालेला असताना, गांधीच कलकत्त्याला गेले. सात वर्षांनी चँग आपलं सरकार घेऊन तैवानला गेले, आणि तिथे जमनालालजींसारखाच एक माणूस होता. लिन शिएन-तांग, वूफंगच्या लिन घराण्यातला. कापूर आणि भातशेतीतून गडगंज झालेलं घराणं. बेट १८९५ पासून जपानच्या ताब्यात. लिन यांनी तैवानी मुलांसाठी शाळा काढायला पैसे दिले, १९२१ मध्ये सांस्कृतिक संघ काढला, तैवानला स्वतःची प्रतिनिधी सभा मिळावी म्हणून १९३४ पर्यंत टोकियोला अर्जांवर अर्ज केले. वर्धा आणि वूफंग यांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं, पण धागा होता. १८९३ पासून मुंबईहून जपानी बोटींची नियमित फेरी होती ती कापसासाठीच. आपल्या गाठींनी ज्या जपानी गिरण्या चालल्या त्यांच्याच साम्राज्यात लिन अर्ज करत होते. १९४९ मध्ये नव्या सरकारनं खंड कमी केले, जमीनदारांचे दिवस भरले, आणि त्याच वर्षी लिन जपानला निघून गेले. १९५६ मध्ये टोकियोतच वारले, ज्यांच्या राजवटीशी आयुष्यभर भांडले त्यांच्या राजधानीत. तैवानातल्या दुसऱ्या एका धनाढ्य घराण्यातल्या कू चेन-फूंनी वेगळी वाट धरली. जमिनीच्या मोबदल्यात सरकारनं जमीनदारांना कारखान्यांचे शेअर दिले. कूंनी त्यातून तैवान सिमेंट हाती घेतलं आणि मोठे उद्योगपती झाले.

बजाजांचं घरही कूंच्या वाटेनं गेलं. जमिनी सुटल्या, कारखाने वाढले. कमलनयन, रामकृष्ण या मुलांनी कारभार सांभाळला. १९४५ मध्ये निघालेली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन पुढे बजाज ऑटो झाली आणि नातू राहुल बजाज यांनी १९६८ पासून आकुर्डीहून ती चालवली. तिच्या चेतक स्कूटरसाठी माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसायची. बच्छराज हे नाव त्या कंपनीच्या कागदांवर पहिल्यांदा लिहिलं गेलं होतं, हे स्कूटरवाल्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

गोपुरीतलं गीताई मंदिर जमनालालजींच्या आठवणीसाठी. विनोबांनी १९३०-३१ मध्ये वर्ध्यातच लिहिलेली गीताई इथे उभ्या शिळांवर कोरली आहे, अठराही अध्याय. मूर्ती नाही, छत नाही. शिळांची रांग चालत चालत वाचायची. एक आजी नातवाचं बोट धरून वाचत होत्या, तो कंटाळला होता. त्यांना मी विचारलं, हे कुणाच्या नावानं आहे? “विनोबांच्या,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या शिळेकडे गेल्या. नाव लागावं म्हणून दान करणाऱ्यांच्या पाट्या मी धामणगावपासून वाचत आलो होतो. इथे ज्याच्यासाठी मंदिर बांधलं त्याचं नाव वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही, आणि जमनालालजींना यात वावगं वाटलं असतं असं मला वाटत नाही. जानकीदेवींनी पतीच्या मागे आपला वाटा गोसेवेला दिला आणि नंतरची वर्षं विहिरींसाठी, भूदानासाठी फिरण्यात घालवली. विहिरींसाठी का, हे काशी का बासच्या सौद्याची हकीकत माहीत असलेल्याला विचारावं लागत नाही.